मुलीच्या आयबीएससाठी कानामागे लावायचं नर्व्ह स्टिम्युलेशनचं मशीन – कोणाला अनुभव आहे का?

धायरीची_आई

नमस्कार मंडळी. पोस्ट मोठी होणार आहे, पण अर्धवट सांगून उपयोग नाही म्हणून सगळंच लिहिते.

माझी मुलगी १५ वर्षांची, यंदा दहावीला. २०२५ च्या जानेवारीत आमच्या सिंहगड रोडच्या पट्ट्यात, धायरी, किरकटवाडी, नांदेड गाव इकडे जीबीएसची (नर्व्हवर परिणाम होऊन हातापायांतला जोर जातो तो आजार) साथ आली होती ती सगळ्यांना आठवत असेल. त्याच दिवसांत हिला जुलाब-उलट्या सुरू झाल्या, तीन दिवस सलाईन लावावं लागलं. जीबीएस झाला नाही, हातापायांत जोर व्यवस्थित होता, आम्ही देवाचे आभार मानले आणि विषय संपला असं समजलो. पण तेव्हा जे पोट बिघडलं ते आजतागायत रुळावर आलेलं नाही, दीड वर्ष होत आलं.

शाळेची व्हॅन सकाळी ६:४० ला येते. सहा-सव्वासहापासून बेंबीच्या आजूबाजूला कळ यायला लागते, दोनदा-तीनदा संडासला जाते, जाऊन आलं की पाच-दहा मिनिटं बरं वाटतं मग परत पिळवटतं. कधी याच्या उलट, चार-चार दिवस पोट साफच होत नाही आणि पोट टम्म फुगून बसतं, युनिफॉर्मचा पट्टा लावता येत नाही. गेल्या वर्षी तिची ३१ दिवस शाळा बुडाली. शाळेत संडासला जायची तिला भीती वाटते म्हणून दिवसभर पाणीही पीत नाही, बाटली भरलेली नेते आणि तशीच परत आणते.

रक्त, लघवी, शी, सोनोग्राफी, थायरॉइड, गव्हातलं ग्लुटेन सोसत नाही का ते बघायची सिलिअ‍ॅकची टेस्ट, आतड्याला सूज आहे का ते शीतून बघायचं कॅलप्रोटेक्टिन, सगळं झालं, सगळं नॉर्मल. पोटाच्या डॉक्टरांनी आयबीएस सांगितलं, म्हणजे टेस्ट नॉर्मल पण पोट दुखतं आणि संडासचं तंत्र बिघडतं तो आजार, आतड्याची कळ सैल करणारं मेबेव्हेरिन दिलं, दोन महिने जरा बरं गेलं मग पुन्हा तेच. नातेवाईक म्हणतात दहावीचं टेन्शन आहे, होईल बरं. आणि खरं सांगायचं तर मी स्वतः एकदा रागाच्या भरात तिला म्हणाले की रविवारी बरं नाही गं दुखत तुझं. ती काही बोलली नाही, आत गेली आणि बाथरूमचं दार लावून घेतलं. ते दार अजून डोळ्यांसमोर येतं.

आता मुद्द्याचं. माझ्या वहिनीने सांगितलं की परदेशात मुलांच्या आयबीएससाठी कानामागे एक छोटं मशीन चिकटवतात, त्यातून हलका करंट जातो आणि पोटदुखी कमी होते. कान आणि पोटाचा काय संबंध ते मला कळेना. हे खरं आहे का? आमच्या ओळखीत एका ठिकाणी "कानाची थेरपी" म्हणून दहा सिटिंगचं पॅकेज सांगतायत ते हेच का? फिजिओकडे पाठीला लावतात ते मशीन आणि हे एकच का? ऑनलाइन कानाला लावायच्या क्लिपाही दिसतायत. मुलीवर प्रयोग करायचे नाहीत मला, पण हातावर हात ठेवूनही बसवत नाही.

रोज_हिंजवडी

ताई, मशीनबद्दल मला फार माहीत नाही, माहितीवाले लिहितीलच, पण तुमची पोस्ट वाचून गप्प बसवेना. मी ३४ वर्षांचा आहे, मला नऊ वर्षांपूर्वी टायफॉइडनंतर हेच सुरू झालं. कात्रजहून हिंजवडीला बसने जायचो तेव्हा वाटेत कुठल्या पेट्रोल पंपावर संडास उघडा असतो, कुठल्या हॉटेलात न विचारता आत सोडतात हे मला पाठ होतं, चांदणी चौकात ट्रॅफिक तुंबला की घाम फुटायचा. घरचे म्हणायचे मनाचे खेळ आहेत.

मनाचे खेळ नाहीत हो. माझ्या डॉक्टरांनी मला जे समजावलं ते सांगतो. पोटात इन्फेक्शन होऊन गेलं की जंतू मरतात, सूज उतरते, टेस्ट नॉर्मल येतात, पण आतड्यातल्या नर्व्ह हळव्या होऊन बसतात. भाजलेल्या बोटाला कोमट पाणीसुद्धा चटका देतं ना तसं. दुसऱ्याला जो गॅस जाणवतही नाही तो आपल्याला कळ म्हणून जाणवतो. पोट बिघडवणारं असं मोठं इन्फेक्शन झालेल्या दहातल्या एखाद्याला तरी नंतर आयबीएस होतं, त्याला पोस्ट-इन्फेक्शियस आयबीएस असं नावच आहे. कॅनडात वॉकरटन नावाच्या गावात २००० साली पिण्याचं पाणी दूषित झालं होतं, तिथल्या लोकांवर कित्येक वर्षं लक्ष ठेवून हे नीट अभ्यासलंय. आणि तुमच्याकडच्या साथीत कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला होता ते पेपरात आलं होतं, तो जीबीएसचं जसं कारण असतो तसाच नंतरच्या आयबीएसचंही एक नेहमीचं कारण आहे. तुमच्या मुलीला तोच झाला होता की नाही हे आता कोणी सांगू शकणार नाही, पण तिच्या पोटाची तारीख त्या आजारपणाशी जुळते एवढं तर दिसतंय, दहावी तर नंतर आली.

रविवारी कमी दुखतं यातही नाटक नाही. सकाळी सहाला उठून घाईत आवरणं, व्हॅन चुकायची धास्ती, याने आतडं जास्त आवळतं. आधीच हळवं आतडं त्यात आणखी. माझंही शनिवार-रविवार बरं असायचं. हे तिला सांगा प्लीज, तुमच्या तोंडून.

डॉ_बालरोग

मी पुण्यात बालरोगतज्ज्ञ आहे, पोटविकारात स्पेशलायझेशन नाही आणि मुलीला न तपासता सल्ला देणार नाही, पण ताईंनी जे विचारलंय ते महत्त्वाचं आहे म्हणून वेळ काढून लिहिते.

आधी कान आणि पोट. मेंदूतून निघणारी दहावी नर्व्ह म्हणजे व्हेगस, ती मानेतून, छातीतून खाली पोटापर्यंत जाते. लोकांना वाटतं ती मेंदूचे हुकूम पोटाला पोचवते, पण तिच्यातले साधारण ८० टक्के तंतू उलट दिशेचे असतात, पोटातल्या बातम्या मेंदूला सांगणारे. हिचीच एक बारीक फांदी कानाच्या खोलगट भागात आणि कानाच्या भोकाशी येते. काही जणांना कान कोरताना अचानक खोकला येतो बघा, तो याच फांदीमुळे. म्हणजे कानाच्या कातडीवरून हलका करंट दिला तर तो सिग्नल मेंदूच्या देठापाशी, जिथे पोटाच्या बातम्या येऊन पडतात तिथे पोचतो. तिथे दुखण्याचा आवाज कमी करता येतो का, असा हा सगळा विचार आहे. कल्पना हवेतली नाही.

तुमच्या वहिनी म्हणतायत ते बहुतेक आयबी-स्टिम. औषधं आणि मशीनांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने जून २०१९ मध्ये ११ ते १८ वयाच्या, आयबीएसमुळे पोट दुखणाऱ्या मुलांसाठी त्याला परवानगी दिली. कानामागे बॅटरीचं छोटं युनिट चिकटवतात, त्यातून निघालेल्या वायरींच्या टोकाला अगदी बारीक सुया असतात त्या कानाच्या कातडीत बसवतात. एकदा लावलं की आठवड्याला १२० तासांपर्यंत, म्हणजे ५ दिवस रात्रंदिवस कानावर राहतं, मग काढून टाकून द्यायचं, पुढच्या आठवड्यात नवीन. त्या परवानगीनुसार असे जास्तीत जास्त ३ आठवडे ओळीने. यात फक्त व्हेगस नाही, कानापाशी येणाऱ्या आणखी काही नर्व्हच्या फांद्याही येतात.

आता पुरावा. मूळ अभ्यास अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या मुलांच्या हॉस्पिटलात झाला, ११५ मुलं होती, २०१७ मध्ये छापून आला. निम्म्यांना खरं मशीन, निम्म्यांना हुबेहूब तसंच पण करंट नसलेलं. एफडीएने त्यातली आयबीएसची ५० मुलं वेगळी पाहिली. तीन आठवड्यांनी दुखणं निदान ३० टक्क्यांनी कमी झालेली मुलं खऱ्या मशीनमध्ये ५२ टक्के आणि खोट्यात ३० टक्के. त्रास म्हणाल तर कान दुखणं, चिकटपट्टीची अ‍ॅलर्जी आणि एकाला सुईच्या भीतीने चक्कर. गंभीर काही नाही. हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार), पेसमेकर किंवा कानावर सोरायसिस असेल तर लावत नाहीत.

म्हणजे गोष्ट खरी आहे, पण आयबीएस बरं करणारं मशीन असं कोणी म्हटलेलं नाही. दुखणं कमी करणारं, बाकी उपचारांच्या जोडीला वापरायचं साधन म्हणून परवानगी आहे. आणि "कानाची थेरपी, दहा सिटिंग" हे वेगळंच काहीतरी आहे. कुठलं मशीन, कोणत्या आजारासाठी मान्यता मिळालेलं, करंट किती, हे लेखी मागा. देत नसतील तर तिथे पैसे भरू नका असं मी माझ्या नातेवाइकाला सांगेन.

मुलांच्या बाबतीत आयबीएस म्हणायला महिन्यातून निदान ४ दिवस दुखणं आणि ते किमान २ महिने, सोबत संडासशी संबंध, असं धरतात. तुमच्या वर्णनात बसतं आणि टेस्टही योग्य त्याच झाल्यात. फक्त हे बघत राहा: दुखण्याने किंवा जुलाबाने रात्री झोपेतून उठते का, वजन उतरतंय का, उंची थांबलीये का, शीतून रक्त, वरचेवर ताप, गुदद्वारापाशी गळू किंवा चिरा. यातलं एक जरी असेल तर मशीन वगैरे बाजूला ठेवून परत डॉक्टरांकडे जा, आपल्याकडे आतड्याचा टीबीही लक्षात ठेवावा लागतो.

आकडे_बघा

डॉक्टर मॅडम छान लिहिलंत. फक्त ते ५२ आणि ३० जरा उलगडून सांगतो, कारण टक्के ऐकले की माणूस भारावतो. खरं मशीन लावलेली मुलं होती २७, म्हणजे त्यातल्या साधारण १४ जणांना फरक पडला. खोटं मशीन लावलेली २३, त्यातल्या ७ जणांना काहीही करंट न देता फरक पडला. म्हणजे पाच मुलांना मशीन लावलं तर त्यातल्या एकाला मशीनमुळे जास्तीचा फायदा, बाकीच्यांना एकतर तसाही पडला असता किंवा पडलाच नाही. छोटा अभ्यास, थोडे आठवडे. मी विरोधात नाही, पण कर्ज काढून करायची गोष्ट आहे का याचा विचार करा.

डॉ_बालरोग

हिशोब बरोबर आहे तुमचा. एकच भर घालते, पाचात एक हे आयबीएसमध्ये वाईट नाही, आपण ज्या गोळ्या रोज लिहितो त्यातल्या बऱ्याच गोळ्यांचं उत्तर साधारण याच घरात येतं. आणि खोट्या मशीनने बरं वाटलेल्या सात मुलांचं दुखणं खोटं होतं असा अर्थ कृपा करून कोणी काढू नये. २०१० मध्ये बोस्टनला ८० आयबीएसच्या पेशंटचा अभ्यास झाला, त्यात अर्ध्यांना "ही औषध नसलेली गोळी आहे" असं स्पष्ट सांगून गोळी दिली, तरी ५९ टक्क्यांना पुरेसा आराम पडला, काहीच न दिलेल्यांत ३५ टक्क्यांना. आयबीएसमध्ये पोट आणि मेंदू सतत बोलत असतात, कोणी नीट लक्ष देऊन ऐकलं, आशा वाटली, तर तेही त्या बोलण्यात उतरतं. शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन, म्हणजे आपण मूडशी जोडतो ते रसायन, आतड्यात तयार होतं, कल्पना करा.

फिजिओ_नवीपेठ

ताई फिजिओच्या मशीनचा प्रश्न माझा. आमच्याकडे पाठीला, गुडघ्याला लावतात ते आयएफटी किंवा टेन्स. करंट तोही आणि करंट हाही, पण ते एकच म्हणणं म्हणजे खिडकीतला पंखा आणि पिठाची गिरणी एकच म्हणण्यासारखं आहे, दोन्हींत मोटर असते एवढंच. कुठल्या नर्व्हवर, किती ताकदीने, किती वेळ यावर सगळं असतं. आयएफटी पोटावर लावून मुलांच्या जुनाट बद्धकोष्ठतेवर ऑस्ट्रेलियात मेलबर्नला बरंच काम झालंय, तो प्रकार वेगळा, आणि तो नीट शिकलेल्या माणसाने डॉक्टरांशी बोलून करायचा.

कृपा करून कोणीही व्हिडिओ बघून टेन्सचे पॅड गळ्याच्या पुढच्या बाजूला "व्हेगस"साठी लावू नका. तिथे रक्तदाब सांभाळणारी जागा असते, एकदम बीपी पडून माणूस कोसळू शकतो. माझ्याकडे एक बाई असं करून चक्कर येऊन पडून मग आल्या होत्या. कानाची क्लिपसुद्धा पेसमेकर, फिट्सचा त्रास, गरोदरपण असेल तर विचारल्याशिवाय नाही.

अजून दोन नर्व्ह आहेत या विषयात, कोणीतरी सांगेलच म्हणून आधीच लिहितो. एक माकडहाडापाशी, सेक्रल नर्व्ह. तिथे ऑपरेशन करून वायर आणि कातडीखाली बॅटरी बसवतात, लघवी आणि शी न थांबण्याच्या त्रासासाठी ते मान्य आहे. डेन्मार्कमध्ये २०११ च्या सुमारास आयबीएसच्या २१ पेशंटवर करून पाहिलं, मशीन चालू असताना बंद असतानापेक्षा बरं वाटलं त्यांना. पण २१ जण आणि ऑपरेशन, १५ वर्षांच्या मुलीसाठी याचा विचारही आत्ता नको. दुसरी घोट्यापाशी, टिबियल नर्व्ह. ती शी न थांबण्याच्या त्रासासाठी फार गाजली होती, मग इंग्लंडात २२७ जणांचा मोठा अभ्यास २०१५ मध्ये आला आणि खोट्या करंटपेक्षा विशेष काही जास्त निघालं नाही. मी स्वतः तोवर ती पेशंटना सुचवायचो, नंतर बंद केली. म्हणून छोट्या अभ्यासावर उड्या मारायला मला भीती वाटते, आशा असली तरी.

सदाशिव_पेठ_काका

मी ६७ वर्षांचा, सेवानिवृत्त. मला बद्धकोष्ठवाला आयबीएस, २० वर्षांपासून. कानाच्या क्लिपचा अनुभव मी घेतलेला आहे म्हणून लिहितो. चीनमध्ये ४२ बद्धकोष्ठवाल्या आयबीएस पेशंटवर कानातून व्हेगसला करंट देऊन चार आठवड्यांचा अभ्यास झाला, २०२१ साली छापला गेला, त्यात पोट साफ होणं सुधारलं आणि दुखणंही उतरलं. हे माझ्या पुतण्याने वाचून दाखवलं आणि मी उत्साहाने ऑनलाइन साडेसहा हजारांची क्लिप मागवली. ती त्या अभ्यासातली नव्हती, नुसती दिसायला तशी. अभ्यासात कानाच्या वरच्या खोलगट भागात नेमक्या ठिकाणी लावतात, माझी क्लिप कानाच्या खालच्या पाळीला बसायची जिथे ही नर्व्ह फारशी येतच नाही. दीड महिना रोज अर्धा-अर्धा तास लावली, पाळी लाल झाली, पोटाला काही नाही. माझ्या मोठ्या बहिणीला पेसमेकर आहे, तीही मागत होती, नशीब की पुतण्याने अडवलं.

बाळाच्या आईला एकच सांगणं, घाईने मागवू नका. मला शेवटी इसबगोल भरपूर पाण्याबरोबर आणि श्वास यांनी आधार दिला. श्वास म्हणजे मिनिटाला साधारण सहा, पोटापर्यंत सावकाश, दहा-पंधरा मिनिटं. व्हेगसला जागं करायचा हा बिनखर्चाचा रस्ता आहे. मी तो लोणावळ्याच्या कैवल्यधाममध्ये शिकलो, १९२४ पासून प्राणायामावर प्रयोगशाळेत अभ्यास करणारी ती संस्था. मुलीला पहाटे उठल्यावर अंथरुणातच करायला सांगा, व्हॅन यायच्या आधी, कळ यायच्या आधी.

रोज_हिंजवडी

काका +१. आणि मला स्वतःला जे लागू पडलं ते पण टाकतो, अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम, रात्री. नाव डिप्रेशनच्या गोळीचं आहे म्हणून आईने दोन महिने घेऊ दिली नव्हती. पण एवढ्या कमी डोसला ती नर्व्हच्या दुखण्यावर काम करते. इंग्लंडमध्ये ४६३ आयबीएसवाल्यांवर २०२३ मध्ये मोठा अभ्यास आला त्यात खोट्या गोळीपेक्षा स्पष्ट फरक होता. ते सगळे मोठे होते, मुलांचं डॉक्टरच ठरवतील. मी एवढंच म्हणतोय की मशीन नसलं तरी नर्व्हवर काम करणारे रस्ते आहेत.

परदेशी_मावशी

ताई, माझ्या मुलाला आयबी-स्टिम लावलं होतं, आम्ही अमेरिकेत असतो, मूळच्या कोथरूडच्या. तो तेव्हा १३ चा. सात महिने शाळा जवळजवळ नव्हतीच, सोफ्यावर पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून पडलेला असायचा.

जसं झालं तसं सांगते. इन्शुरन्सशी भांडण्यात दोन महिने गेले. मग क्लिनिकमध्ये सोमवारी सकाळी लावायचे. कानावर आधी टॉर्च धरून रक्तवाहिन्या कुठे आहेत ते बघतात, त्या टाळून सुया बसवतात. सुई म्हटल्यावर तो रडला, पण टोचलं ते मुंगी चावल्याएवढंच. पहिल्या दिवशी कानात झिणझिण्या, नंतर त्याला ते लावलंय हेही आठवायचं नाही. शुक्रवारी संध्याकाळी घरीच आम्ही काढायचो. पाच दिवस केस धुता येत नाहीत, पोहायचं नाही. पहिल्या आठवड्यात पट्टीखाली खाज आली आणि पोटात काहीच फरक नाही, मी मनातून खचले होते. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी एक दिवस त्याने नाश्त्याला दुसऱ्यांदा मागितलं. तिसऱ्या आठवड्यानंतर दुखणं गेलं नाही पण दहापैकी आठवरून चार-पाचवर आलं, असं तोच सांगायचा. तेवढ्यात आम्ही शाळा सुरू केली, आधी दोन तास, मग अर्धा दिवस, सोबत पोटाच्या आजारांसाठी जे समुपदेशन असतं ते चालू ठेवलं. चार-पाच महिन्यांनी दुखणं थोडं परत आलं, पण तोवर तो शाळेत होता, मित्र होते, आणि दुखलं तरी काय करायचं हे त्याला माहीत झालं होतं. नुसतं मशीन लावून घरी बसवला असता तर टिकलं असतं का, मला वाटत नाही.

आता तो १७ चा आहे, महिन्यातून एखादा दिवस वाईट जातो.

डॉ_बालरोग

मावशींनी फार मोलाचं लिहिलंय, शाळेचा भाग विशेषतः. ताई, तुमच्या पोस्टमधली मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट म्हणजे ती भरलेली परत येणारी पाण्याची बाटली. पाणी नाही, शाळेत संडासला जायचं नाही, दाबून ठेवायचं, मग चार दिवस साफ नाही, मग फुगून कळा, मग एकदम जुलाब. यातली बरीच कळ त्या दाबून ठेवण्यातून येत असेल. कुठलंही मशीन लावायच्या आधी हे सोडवा. डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या की हिला तासाला न विचारता उठून जायची परवानगी असावी, आणि शिक्षकांच्या बाजूचं, कडी लागणारं, पाणी असलेलं टॉयलेट वापरू द्यावं. चिठ्ठी असली की बहुतेक शाळा ऐकतात. संध्याकाळी जेवणानंतर दहा मिनिटं पायाखाली पाट घेऊन संडासला बसायची सवय लावा, म्हणजे सकाळचा सगळा भार एकट्या सकाळवर पडणार नाही.

जेवणाचं थोडं. कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले, दूध, सफरचंद, आंबा यातल्या काही साखरा आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत, आंबतात आणि फुगवतात, मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाने ही पद्धत बसवली. पण वाढत्या मुलीचं सगळं एकदम बंद करू नका, आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली दोन ते चार आठवडे कमी करून मग एकेक परत आणून बघायचं. आपल्याकडे सोपं आहे खरं तर, भात, ज्वारीची भाकरी, नाचणी चालते. लसणीची चव हवी तर तेलात अख्ख्या पाकळ्या परतून काढून टाकायच्या, त्रास देणारा भाग तेलात उतरत नाही. डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं ते मात्र बघा.

धायरीची_आई

सगळ्यांना काय म्हणू कळत नाहीये. तीन आठवड्यांनी लिहितेय कारण मधे सहामाही होती.

पहिलं म्हणजे मी तिच्याशी बोलले. रोज_हिंजवडी दादांनी लिहिलेलं भाजलेल्या बोटाचं तिला वाचून दाखवलं आणि रविवारचं जे बोलले होते त्याबद्दल माफी मागितली. ती म्हणाली आई मला पण वाटायला लागलं होतं की मीच नाटक करतेय. बास, त्यापुढे आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही.

डॉक्टरांकडून चिठ्ठी घेतली, वर्गशिक्षिका चांगल्या निघाल्या, त्यांनी स्टाफच्या टॉयलेटची किल्ली मधल्या सुट्टीत तिच्याकडे ठेवायला सांगितली. बाटली आता अर्धी तरी रिकामी येते. संध्याकाळचं बसणं सुरू केलंय, काकांचा श्वास ती अलार्म सव्वापाचला लावून करते, मी पण शेजारी करते. पोह्यात कांदा घालायचं थांबवलंय, घरात सगळ्यांनाच तसे खावे लागतात, तिच्या बाबांनी एक शब्द काढला नाही. या तीन आठवड्यांत दोन दिवस शाळा बुडाली, आधीच्या तीन आठवड्यांत सहा होते. कळ येते अजून, पण व्हॅनमध्ये बसते.

दहा सिटिंगवाल्यांना मी मशीनचं नाव आणि मान्यता लेखी विचारली, त्यांनी फोन उचलणं बंद केलं. आयबी-स्टिमचं मी तीन मोठ्या हॉस्पिटलांत विचारलं, त्यांच्याकडे नव्हतं. आमच्या पोटाच्या डॉक्टरांना हा धागा दाखवला, ते म्हणाले त्यांनी याबद्दल वाचलंय, दिवाळीपर्यंत हे सगळं नीट करून बघू, रोजची डायरी ठेवायची, किती दुखलं ते दहापैकी लिहायचं, आणि तरी आकडा सहाच्या वर राहिला तर कमी डोसच्या गोळीचा आणि मग मशीन कुठून मिळवता येईल त्याचा विचार करू. म्हणजे दार बंद नाही केलं त्यांनी.

आता लेकीचा प्रश्न आहे, तिनेच टाइप करायला सांगितलाय, परदेशी मावशींसाठी. ते कानावर असताना केस मोकळे सोडले तर दिसतं का, आणि वर्गात त्याचा काही आवाज येतो का?

परदेशी_मावशी

तिला सांग, आवाज अजिबात नाही. माझ्या मुलाचे केस बारीक त्यामुळे दिसायचं, त्याने वर्गात पहिल्याच दिवशी उभं राहून सांगून टाकलं होतं काय आहे ते, मग कोणी विचारलं नाही. त्याच्याबरोबर त्याच क्लिनिकमध्ये एक मुलगी यायची तिचे केस खांद्याच्या खाली होते, ती वेणी सैल घालून कानावरून घ्यायची, अगदी जवळ गेल्याशिवाय कळायचंही नाही. फक्त झोपताना त्या कुशीवर सुरुवातीला टोचतं, दुसऱ्या कुशीची सवय आधीपासून केली तर बरं पडतं.